कुडापलीकडचे बोलणे

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाची आठवण लोकांना दोनच प्रसंगी होते. संच मुका झाला म्हणजे, आणि संचातून नको ते ऐकू आले म्हणजे. पहिल्या प्रसंगी चहा मिळतो, दुसऱ्या प्रसंगी शिव्या. देवळाली प्रवरेला एका बागाईतदाराने मला भर चावडीवर अडवून विचारले होते, "काल तुमी डबा उघाडला अन् आज कांद्याचा भाव पडला. आत कशाला हात लावला, खरं सांगा."

भाव बाजारात ठरतो, डब्यात नाही, असे मी म्हणालो. त्यावर ते गृहस्थ शांतपणे उत्तरले, "ते ठावं हाय मला. पर बाजाराला शिव्या देऊन बगितल्या, उपेग झाला न्हाई. आज तुमी घावलात."

पुणतांब्याला संच कुरकुरतो अशी तक्रार आली म्हणून मी तो उघडला, तर आतल्या कर्ण्याच्या कागदी पडद्यावरून गोडेतेल निथळत होते. संच सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या पाटलांनी मलाच उलट विचारले, "गाडीचा आख कुरकुरला तर तुमी काय करता?" मी म्हणालो, वंगण घालतो. "मग?" ते म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने तो विषय संपला.

या खात्याबाहेरच्या वाचकांसाठी कामाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ज्या गावांत वीज नाही तेथे सरकारने एकेक सार्वजनिक रेडिओ संच दिलेला असतो. लाकडी पेटी, तिला कुलूप, आत विटेसारखी जड कोरडी बॅटरी, आणि घराच्या आढ्यावरून समोरच्या झाडापर्यंत ताणलेली तार, जिला आम्ही एरियल म्हणतो. बॅटरी बदलणे, सांधे घासून साफ करणे, उंदरांनी कुरतडलेल्या तारा जोडणे, हे माझे काम. शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. केंद्र बदलण्याची कळ पुण्यावर आणून ठेवायची, तिच्याभोवती बारीक तार गुंडाळायची आणि गाठीवर लाख ओतून खात्याचा ठसा उठवायचा. गावाने बाजारभाव, बातम्या आणि शेतीच्या गोष्टी ऐकाव्यात, रात्रभर सिनेमाची गाणी लावून बॅटरी संपवू नये, हा त्यामागचा हेतू. सील तुटलेले दिसले की आम्ही संच सांभाळणाऱ्याला समज देतो आणि नवे सील मारतो. पंचवीसएक वर्षे मी हेच करीत आलो, आणि माझ्या हातचा संच गावात घुमला म्हणजे लोक कामे टाकून भोवती जमतात, या दृश्यावर माझा सारा अभिमान उभा होता.

मी सांगणार आहे ती हकिकत युद्ध संपले त्या हिवाळ्यातली आहे. शेजारी देशाशी चाललेले युद्ध नुकतेच थांबले होते आणि वरून हुकूम आला होता की जिल्ह्यातील एकूण एक संचाचे सील तपासावे; कोणी भलतीकडची केंद्रे ऐकत असेल तर ते थांबवावे. माझ्या सहकाऱ्यांनी सपाटीवरचे तालुके वाटून घेतले. अकोले तालुक्याचा डोंगरी भाग हिवाळ्यात कोणी मागत नसे. तिकडचा दौरा आम्ही चैत्र-वैशाखात, करवंदांच्या दिवसांत काढत असू. पौषात तिथे थंडी अशी पडते की पहाटे गवतावरचे दव कडक होते, आणि गावे ओस असतात. भाताची मळणी झाली की डोंगरातली माणसे बायकामुलांसह खाली उतरतात, कांद्याच्या आणि उसाच्या कामाला लागतात, आणि शिमग्याला परततात.

तो दौरा मी मागून घेतला. त्या पावसाळ्यात माझी पत्नी वारली होती. नगरच्या आमच्या घराला जाड दगडी भिंती आहेत, आणि कचेरीतून आल्यावर कुलूप काढताना होणारा आवाज हाच त्या घरातला शेवटचा आवाज असे. ओसाड गावांत निदान आपले घर आठवणार नाही, असा माझा हिशेब होता. माणूस स्वतःविषयी किती चुकीचे हिशेब करतो, याचा हा एक नमुना.

राजूरपर्यंत एस.टी. होती. तेथून बॅटऱ्यांचे ओझे घेऊन सोमा नावाचा हमाल माझ्याबरोबर निघाला. तो माझ्याच वयाचा, काटक आणि बोलका होता. चढ लागला तसे त्याने विचारले, "सायेब, घरी भांडून आलाय का?"

"का बरे?"

"न्हाई, या दिसांत वर कोन जातं? भुतं बी खाली उसाला गेल्यात."

हिरडेवाडी ही या बाजूची सर्वांत उंच वाडी. तिच्या पलीकडे जमीन एकाएकी तुटते आणि खाली कोकण दिसते. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन होते, पण उन्हात ऊब नव्हती. कारवीच्या काठ्यांचे कूड, वर शेणाचा लेप, एकमेकांना चिकटून उभी असलेली घरे. प्रत्येक दाराला वाखाची दोरी बांधलेली. अंगणांत कोंबडी नाही, चुलीचा धूर नाही. शेवटच्या एका घरातून मात्र धूर निघत होता. ते किसनचे घर. संच त्याच्या ताब्यात असे. किसन खाली गेला होता. घरात त्याची आई भीमाबाई एकटी होती. वाडीतली म्हातारी आणि गाभण गुरे खाली नेता येत नाहीत, त्यांच्या वैरणपाण्यासाठी दर वर्षी एका म्हाताऱ्या माणसाला मागे ठेवण्याची तिथे रीत आहे. त्या वर्षी ती पाळी पुन्हा भीमाबाईची होती.

"मावशी, रेडिओ तपासायला आलोय," मी म्हणालो.

"तपासा बाबा," ती म्हणाली. "पर त्यो चांगला हाय. त्येला काय बी झालं न्हाई."

तो चांगला नव्हता. सील तुटलेले, कळ पुण्यापासून पार दुसऱ्या टोकाला सरकलेली. सुरू केला तर नुसती खरखर. सोमा हसला. "किसनानं दिवाळीला गानी हुडकली असत्याल."

मी पेटी उघडली. सांधे घासले, नवी बॅटरी बसवली, एरियलची ढिली तार सोमाला झाडावर चढवून ताणून घेतली, आणि कळ पुण्यावर आणली. उंचीमुळे तिथे पुणे असे स्वच्छ लागले की निवेदकाचा श्वास ऐकू यावा. मी तार गुंडाळली, लाख ओतली, ठसा उठवला. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला. ज्वारीवरच्या किडीची माहिती होती. भीमाबाई हातातले काम ठेवून समोर येऊन बसली. पदर सावरून, हात मांडीवर ठेवून, पाव्हण्यांपुढे बसावे तशी. कार्यक्रम संपेपर्यंत ती हलली नाही. मला समाधान वाटले. मग तिने हलकेच विचारले, "आता बंद केला तर चालंल का, सायेब?" मी बंद केला. तिने नागलीची भाकरी आणि हुलग्याचे पिठले वाढले, आणि आम्ही झोपलो.

सकाळी मी बाहेर आलो तर भीमाबाई उंबऱ्यावर बसली होती. शेजारी गाठोडे बांधलेले होते.

"कुठे निघालात मावशी?"

"तुमच्यासंगं खाली येते."

सोमाचे डोळे विस्फारले. "आगं म्हातारे, अन् गुरं? त्येंना काय रेडूवाला सायेब वैरन घालनार हाय?"

तिचा चेहरा रडण्याच्या बेतात होता, पण रडत नव्हता. सोमा तिच्या जवळ उकिडवा बसला आणि त्याचा आवाज बदलला. "मागल्या साली काय झालं, इसरलीस व्हय?"

मागच्या वर्षी काय झाले ते मग मला समजले. मागच्या हिवाळ्यातही वाडी राखायला तीच होती. पौष निम्मा व्हायच्या आत तिला ते एकटेपण सोसवेना, आणि ती गुरे मोकळी सोडून खाली मुलाकडे निघून गेली. वाघराने त्यांतली काही गुरे नेली. शिमग्याला माणसे परतली तेव्हा कोणी तिला बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते. वाडीने तिच्याशी बोलणेच टाकले. विहिरीवर ती आली की बायका गप्प होत. पावसाळा गेला, दिवाळी आली, आणि तिने स्वतः होऊन सर्वांसमोर सांगितले की यंदाही मीच राहते, आणि यंदा एकही शेपूट कमी होणार नाही.

"मग आता काय झाले?" मी विचारले. "कालपर्यंत राहिलातच ना?"

"काल तुमी शेजारी घालवलं," ती म्हणाली.

मला कळले नाही. तिने घराच्या आतल्या कुडाकडे बोट दाखवले, ज्याच्या पलीकडे दोरी बांधून बंद केलेले रिकामे घर होते. ती बोलली ते मी तिच्याच शब्दांत देतो, कारण माझ्या शब्दांत ते नीट उतरणार नाही.

"आमच्या कुडाच्या भिती अशा. पल्याडच्या घरात कोन बोललं तर आवाज येतो, सबूद येत न्हाई. काय बोलत्यात ते कळत न्हाई, पर मानूस हाय ते कळतं. त्येवढ्यावर झोप लागती. किसन्यानं त्यो काटा तिकडं कुटं सरकवला, अन् दिस बुडाला की त्येच्यातून बोलनं यायला लागलं. कोन बोलतं, काय बोलतं, देव जानं. बाप्ये बोलायचे, मदीच एक बाई बोलायची. मी रेडू उचलून त्या कुडापाशी ठिवला. मला वाटायचं पल्याड हायत समदी. काल तुमी लावलं ते मला समजतंय. समजतंय म्हनून बसून ऐकावं लागतं. त्यो मानूस म्हनतो, शेतकरी बंदूंनो, आसं करा, तसं करा. मी कुनाला सांगू? कुनी हाय का हितं? अन् त्येचं संपलं की मंग समदं ठार गप."

"मग काल संध्याकाळीच का नाही सांगितलेत?"

"तुमी एवढं चढून आला, एवढं खपला. तोंडावर न्हाई कसं म्हनायचं?"

माझ्या धंद्यातल्या माणसाच्याच हातून होईल अशी ती चूक होती: बिघडलेला संच पाहिला आणि दुरुस्त केला. सुरू होताच खरखर आली, म्हणजे तिथे काही नाही, असे मी ठरवले. आणि ते दुपारी ठरवले. दूरची केंद्रे दिवसा लागत नाहीत, हे मला कोणीही झोपेतून उठवून विचारले असते तरी मी सांगितले असते. ऊन आहे तोवर त्यांच्या लाटा वाटेतच विरतात. सूर्य मावळला की त्या आकाशाच्या वरच्या थरावर आपटून शेकडो कोस पलीकडे उतरतात, आणि डोंगरमाथ्यावर, समुद्राच्या दिशेला, सर्वांत चांगल्या उतरतात. तिचे शेजारी बहुधा समुद्रापलीकडचे, अरबस्तानाच्या बाजूचे असावेत.

म्हणजे ते परत आणायचे तर दिवस मावळेपर्यंत थांबणे भाग होते. सोमाला राजूरच्या बाजाराची घाई होती. "सायेब, तुमचं काय खरं न्हाई," तो म्हणाला. "सरकारनं परकं बोलनं बंद कराया पाठिवलं, तुमी चालू कराया बसला." तरी जाताना त्याने स्वतःची घोंगडी मला ठेवून दिली.

तो दिवस मी कधी विसरणार नाही, जरी त्या दिवशी काहीच घडले नाही. भीमाबाईने गाठोडे सोडले नाही. ते उंबऱ्याशी तसेच ठेवून ती गुरांकडे गेली. मीही तिच्यामागे हिंडलो. एका गोठ्यातून दुसऱ्यात, वैरण, पाणी, शेण. कामात ती झपाट्याची होती, पण गोठ्यातून बाहेर आली की प्रत्येक वेळी किंचित थांबे आणि बंद दारांकडे पाही. मी त्या दारांपुढून एकटा चालून पाहिले. आपली पावले ऐकू येणे किती वाईट असते, ते तिथे समजते. एका दाराशी कोणाची तरी लहान मुलाची चप्पल राहिली होती. कड्यावर गेलो तर खाली कोकण धुरकट पसरलेले, आणि वाऱ्याशिवाय कशाचाही आवाज नाही.

मला माझ्या घराची आठवण झाली. माझी पत्नी स्वयंपाकघरातून सारखी काहीतरी बोलत असे. दूधवाला आला नाही, वरच्या मजल्यावरच्यांची सून माहेरी गेली, तूर महागली. मी बाहेरच्या खोलीत एखादा संच उघडून बसलेला असे, आणि मान न वळवता "हं" म्हणत असे. कधी तेही नाही. कधी "जरा थांब, आवाज ऐकू दे" असे म्हणत असे. ती काय बोले त्यातला एक शब्दही मी आज सांगू शकत नाही. पण तिचे ते न ऐकलेले बोलणे म्हणजेच माझे घर होते, हे मला त्या कड्यावर, एका परक्या म्हातारीच्या तक्रारीमुळे कळले. त्याचा आता कोणालाही उपयोग नाही.

दिवस कलला तसा मी संच कुडापाशी ठेवला आणि काल मारलेले सील चाकूने कापले. स्वतःच्या हातचे सील मी पहिल्यांदाच तोडत होतो. कोकणावरचे तांबडे विझत आले आणि मी कळ हळूहळू फिरवू लागलो. भीमाबाई पाठीशी उभी राहिली. प्रथम हिंदी बातम्या लागल्या.

"हे का?"

"न्हाई. हे समजतंय थोडं."

मग मद्रासेकडचे काही लागले. जलद, टणत्कारी बोलणे.

"हे?"

"न्हाई बाबा, ही मानसं भांडत्यात."

मग कोणी तरी गाणे म्हणत होते, मग खरखर, मग दोन केंद्रे एकमेकांत अडकलेली. कळ केसभर सरकवायची, थांबायचे, पुन्हा केसभर. काळोख दाटला. ती प्रत्येक वेळी "न्हाई" म्हणे आणि तिचा आवाज प्रत्येक वेळी थोडा लहान होई. मला भीती वाटू लागली की ते केंद्र आज लागणारच नाही. असे होते, हवा बदलली की दूरची केंद्रे चार-चार दिवस बेपत्ता होतात. तसे झाले असते तर सकाळी ती गाठोडे उचलून माझ्यामागे डोंगर उतरली असती, आणि उरलेले आयुष्य विहिरीवर एकटीने पाणी शेंदले असते.

एकदा खरखरीच्या तळाशी काहीतरी पुटपुटल्यासारखे वाटले. मी बाहेर जाऊन एरियलची तार कड्याच्या बाजूला ओढून बांधली आणि परत आलो. घोगरा, संथ पुरुषी आवाज वर आला. तो काही सांगत होता. मध्येच दुसरा हसला. मग एक बाई बोलू लागली.

"हे का मावशी?"

मी वळून पाहिले. ती माझ्यामागे नव्हती. ती चुलीपाशी जाऊन बसली होती आणि पाठमोरी परातीत पीठ मळत होती. संचाकडे तिचे लक्षही नव्हते. उंबऱ्यावरचे गाठोडे तिने येताजाता कधी आत आणून सोडले, तेही मला कळले नाही.

माझ्या सगळ्या नोकरीत लोक संचाकडे तोंड करून बसलेले पाहण्यात मी धन्यता मानली. त्या संध्याकाळी कोणीही ऐकत नव्हते, आणि इतके चांगले काम माझ्या हातून आधी झालेले नव्हते.

जेवण झाल्यावर मी सोमाची घोंगडी पांघरून आडवा झालो. कुडापलीकडून बोलणे येत होते, कमी-जास्त होत होते. मलाही ग्लानी आली. तेवढ्यात तो घोगरा माणूस कशावर तरी चिडून मोठ्याने बोलू लागला. भीमाबाईने भांडी घासता घासता कुडाकडे मान वळवली आणि ती दटावणीच्या सुरात म्हणाली, "आरं हळू बोला की जरा. पाव्हनं निजल्यात हितं."

मी डोळे मिटूनच राहिलो.

सकाळी निघण्यापूर्वी मी कळीभोवती तार गुंडाळली, लाख तापवली आणि खात्याचा ठसा उठवला. कुठल्या देशाच्या कुठल्या केंद्रावर आपण सरकारचे सील मारत आहोत, हे मला ठाऊक नव्हते, आजही नाही. अहवालात मी "सील शाबूत" असे लिहिले, आणि ते खरे होते. भीमाबाई पायवाटेपर्यंत पोहोचवायला आली नाही. तिला गाभण गायीला पाणी पाजायचे होते.

शिमग्यानंतर राजूरच्या बाजारात किसन भेटला. डोक्यावर संचाची पेटी होती. "सायेब, ह्यो काय बोलतोय कुनालाच कळंना. पुन्यावर लावून द्या." मी तिथेच पारावर बसून सील तोडले आणि कळ पुण्यावर आणली. गुरांचे विचारायला मला धीर होईना. शेवटी विचारले, "आई बरी आहे?"

"बरी हाय की," तो म्हणाला. "समदी गुरं जाग्यावर हायत, एक गाय व्याली बी. बायका आता विहिरीवर बोलत्यात तिच्याशी. पर आमी आल्यापासनं कुरकुर लावलीया तिनं. म्हनती, लई कालवा करता रं तुमी."

त्यानंतरच्या वर्षी पाऊस झाला नाही आणि सगळ्याच वाड्यांचे हिशेब मोडले. यंदा मात्र भात बरा आहे असे सोमा सांगतो. म्हणजे माणसे मळणी करून पुन्हा खाली उतरतील आणि कोणी तरी एकजण मागे राहील. मी हिवाळ्यात डोंगरी भागाचा दौरा मागितला आहे. सेवानिवृत्तीपूर्वीचा तो शेवटचा असेल. नवे साहेब तरुण आहेत, सभ्य आहेत. अर्ज वाचून त्यांनी मला विचारले, "पण त्या दिवसांत तिथे रेडिओ ऐकतं कोण?"

खरे उत्तर "कोणीही नाही" असेच आहे, आणि ते दिले तर संच उचलून आणण्याचा हुकूम होईल. मी म्हणालो, विचार करून सांगतो. अजून सांगितलेले नाही.